ऑर्गनच्या माळ्यावरून बाबांना

वेनफर्ड,
मंगळवार, ९ जानेवारी २०२४

ती. बाबांना सविनय जय भीम.

संघर्ष काल फोनवर म्हणाला, "ताई, बाबाची दोन्ही डोळा ऑपरेशन झाली. आता तो चष्म्याशिवाय न्यूजपेपर वाचते." तुमचा मुलगा असं मराठी बोलतो आणि तुम्हाला ते रोज ऐकावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. पण तुम्हाला वाचता येतंय एवढं कळलं आणि मी कागद घेऊन बसले.

सात वर्षांत मी तुम्हाला अकरा पत्रं लिहिली. एकही पोस्टात टाकलं नाही. हे टाकणार आहे.

बातमी अशी आहे. आमचे जेरल्ड पेम्बर्टन जुलैत निवृत्त होतायत. ते इथल्या कॅथीड्रलचे डायरेक्टर ऑफ म्युझिक, चोवीस वर्षं. मी त्यांची सहायक. म्हणजे ते खाली उभे राहून कॉयरकडून गाऊन घेतात आणि मी एकसष्ट पायऱ्या चढून वर माळ्यावर पाइपांचा मोठा ऑर्गन वाजवते. त्यांचा हात मला एका छोट्या स्क्रीनवर दिसतो. आठवड्यातून सात प्रार्थना, नाताळात मोजायच्याच नाहीत. त्यांच्या जागेसाठी मी अर्ज केलाय. या जागेवर आलेल्यांची चारशे वर्षांची यादी भिंतीवर दगडात कोरलेली आहे. तिच्यात एकही बाई नाही, आणि आपल्याकडचं तर नावच नाही.

तुम्ही म्हणाल, मला हे का सांगतेस? खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला सांगून काही वाटणार नाही म्हणून.

आईच्या जलदान विधीच्या रविवारी मी आपल्या समाजाच्या हॉलमध्ये आले नाही. त्याचं कारण मी तेव्हाच सांगितलं होतं. ईस्टर होता आणि दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. तो विषय मी आज काढत नाही.

थंडी फार आहे. हॉलचा हीटर बंद ठेवू नका.

तुमची
मृणाल

*

वेनफर्ड,
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांना सविनय जय भीम.

शुक्रवारी पाकीट आलं. वरचं अक्षर ओळखलं आणि दारातच खाली बसले. आत माझंच पत्र होतं. लाल पेनने नऊ चुका काढलेल्या. सोबत एक ओळसुद्धा नाही.

बाबा, मी हसले की रडले मला सांगता येणार नाही. 'निवृत्त' मला लिहिता येतं हे बघून तुम्हाला थोडं तरी बरं वाटलं असेल. नागपूरच्या शाळेत मराठी शिकवणारा माणूस आईच्या नर्सिंगच्या नोकरीपायी बर्मिंगहॅमला आला, एकोणीस वर्षं अकरा नंबरची बस चालवली, आणि तरी दर रविवारी सकाळी दोन मुलांना समोर बसवून निबंध लिहून घेतला. संघर्ष पळून जायचा. मी बसायचे. आज हे पत्र लिहिता येतंय ते त्यामुळे.

तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही की हे सगळं सुरू कसं झालं. मी अकरा वर्षांची होते. शाळेची ट्रिप एका चर्चमध्ये गेली होती. म्युझिकच्या टीचरने विचारलं, कुणाला ऑर्गन वाजवून बघायचंय? कुणी पुढे होईना. मी गेले. पाय पोचत नव्हते, म्हणून बाकावरून घसरत घसरत सगळ्यात डावीकडच्या पेडलवर अंगठा टेकवला. आवाज कानांनी ऐकू आलाच नाही. आधी जमीन हलली. मग बाक, मग माझ्या पोटात काहीतरी हललं. मी एवढीशी पोरगी, आणि माझ्या अंगठ्याने सबंध इमारत थरथरत होती. वर्गात माझं आडनाव नीट उच्चारता न येणारी पोरं गप्प झाली होती.

मला देव भेटला नाही, बाबा. मला ताकद भेटली.

तुम्ही त्या वेळी परवानगीच्या फॉर्मवर सही केली होती. शनिवारी सकाळी त्या चर्चमध्ये प्रॅक्टिसला मला तुमच्याच बसने सोडत होतात. "कला शिकायला कुठल्याही दारातून जावं," असं तेव्हा तुम्हीच आईला म्हणाला होतात. बिघडलं ते मी अठरा वर्षांची झाल्यावर. इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची सीट सोडून मी ऑर्गन स्कॉलरशिप घेतली, आणि रोज प्रार्थनेला वाजवायचं ठरलं. त्या दिवशी तुम्ही जेवता जेवता ताट बाजूला सारलंत. "माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही. आम्ही देव सोडले ते दुसऱ्याच्या देवाची चाकरी करायला नाही." आईने तुमचं ताट परत तुमच्यासमोर आणलं.

त्याचं उत्तर आता पंधरा वर्षांनी थोडंसं सुचतंय. माझा बाप्तिस्मा झालेला नाही. प्रार्थना चालू असताना मी प्रार्थना म्हणत नाही. हे इथल्या डीनना, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रमुखांना, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जाहिरातीत 'कॅथीड्रलच्या कामाबद्दल आस्था हवी' एवढीच अट होती, आणि ती आस्था मला पोटापासून आहे. पणजोबांना ज्या पायरीवर उभं राहू दिलं नाही तशाच एका इमारतीत आज सगळ्यात मोठा आवाज माझा असतो. ही चाकरी वाटते का तुम्हाला?

रागावू नका. रागावलात तरी पत्र तपासून पाठवा.

तुमची
मृणाल

*

वेनफर्ड,
रविवार, १० मार्च २०२४

ती. बाबांना सविनय जय भीम.

मागच्या पत्रात फक्त सहा चुका. 'चाकरी'खाली तुम्ही रेघ मारलीत, पण चूक दाखवली नाहीत. त्या रेघेचा अर्थ लावत मी दोन आठवडे घालवले.

शॉर्टलिस्ट लागली. तिघांत माझं नाव आहे. परीक्षा दहा एप्रिलला. अर्धा तास कॉयरची तालीम घ्यायची, मग ऑर्गन वाजवायचा, मग मुलाखत. बाहेरून एक नावाजलेल्या बाई परीक्षक म्हणून येणार आहेत.

आता दुसरी गोष्ट. मला थोडं लागलंय.

हे वाक्य लिहिलं आणि चहा करून आले. थोडं नाही. मंगळवारी माळ्याच्या जिन्यावरून पडले. दगडाच्या पायऱ्या आहेत, मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. हातात नोटेशनच्या पुस्तकांचा गठ्ठा होता. तो वाचवायला गेले आणि डावा हात खाली आला. मनगट दोन ठिकाणी मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. ते सतरा एप्रिलला निघेल. परीक्षेनंतर एका आठवड्याने.

संघर्षला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. तो लगेच गाडी काढून येईल आणि माझ्या फ्रिजमध्ये पिझ्झे भरून ठेवेल.

गुरुवारी कॅनन बॅसिल भेटायला आले. ते इथले एक धर्मगुरू, निवड समितीचं काम बघतात. भला माणूस, खोटं बोलणार नाही. म्हणाले, "मृणाल, आम्ही विचार केला. तुझं वाजवणं आम्ही दहा वर्षं रोज ऐकतोय. ऑर्गनच्या परीक्षेतून तुला सूट देऊ. तालीम आणि मुलाखत तेवढी दे."

मी आभार मानले. ते गेल्यावर तासभर खिडकीत बसून होते. सूट घेतली आणि जागा मिळाली, तर पुढची वीस वर्षं लोक म्हणतील, ही न वाजवता आली, हिला सवलत मिळाली. सूट नाही घेतली तर एका हाताने काय वाजवणार? तिसरा रस्ता म्हणजे अर्ज मागे घ्यायचा. जेरल्ड म्हणतात, अशी जागा पुढे दुसरीकडे निघेलच. निघेलही.

मी बहुतेक मागे घेणार आहे. सोमवारी चिठ्ठी देईन म्हणते. म्हणजे उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या.

उजवा हात शाबूत आहे, म्हणून अक्षर बरं आलंय.

तुमची
मृणाल

*

वेनफर्ड,
शुक्रवार, २९ मार्च २०२४

ती. बाबांना सविनय जय भीम.

तुमचं पाकीट पाच दिवसांत परत आलं. नेहमी तीन आठवडे लागतात, म्हणजे तुम्ही त्याच दिवशी पोस्टात गेला असणार. या वेळी चुका काढलेल्या नव्हत्या असं नाही. चार होत्या. पण 'सवलत' या शब्दाभोवती गोल होता आणि कडेला पंधरा वर्षांतला तुमचा पहिला मजकूर होता. तो मी पुठ्ठ्यावर लिहून ऑर्गनवर, नोटेशन ठेवतात तिथे लावलाय:

"हा शब्द चुकीचा. हात मोडलेल्या माणसाला आधार देणे ही मेहेरबानी नव्हे. परीक्षा सोडायची नाही. परीक्षा देता यावी म्हणून जे लागते ते मागायचे. तो हक्क आहे. मागताना मान खाली घालायची नाही. ह. रा."

अर्ज मागे घेतला नाही. कॅनन बॅसिलना जाऊन भेटले आणि उभ्यानेच बोलले. "मला सूट नको. मला तीन गोष्टी हव्यात. ऑर्गनच्या खुंट्या ओढायला शेजारी एक माणूस. पंधरा मिनिटं जादा. आणि शेवटची रचना माझ्या पसंतीची." प्रत्येक स्वराचा रंग बदलायला त्या खुंट्या ओढाव्या लागतात, एरवी ते काम डावा हात करतो. ते जरा गोंधळले. "वाजवणार कशी पण?" मी म्हटलं, "तीन अवयव आहेत की. एक हात, दोन पाय."

त्यांनी समितीला विचारलं. तिन्ही गोष्टी मंजूर झाल्या. खुंट्या ओढायला ग्लेनिस येणार आहे. ती इथली वर्जर, म्हणजे कॅथीड्रलची दारं उघडणं, माणसं बसवणं, सगळी व्यवस्था तिच्याकडे. वेल्समधली आहे, साठीची. संगीत वाचता येत नाही, पण मी मान हलवली की कुठली खुंटी ते तिला बरोबर कळतं.

रोज पहाटे साडेसहाला दार उघडून घेते. डाव्या हाताचं काम पायांना वाटून दिलंय. चार आवाजांतले दोन पाय वाजवतात, दोन उजवा हात. पहिल्या आठवड्यात पोटऱ्यांत इतके गोळे यायचे की एकसष्ट पायऱ्या बसून उतरत होते. आता जमतंय. ग्लेनिस काल म्हणाली, "बाई गं, तुझे पाय बोलायला लागलेत."

आज इकडे गुड फ्रायडे. ऑर्गन बंद असतो, म्हणून हातात वेळ आहे. आणि हे पान मला आज लिहायलाच हवं.

बाबा, त्या ईस्टरला दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं असं मी सांगितलं. ते खोटं होतं.

जेरल्डनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "तू आईच्या कार्यक्रमाला जा, मी वाजवतो." ग्लेनिसने मला सोडायला गाडी बाहेर काढून ठेवली होती. मी कपडे केले होते, तुम्ही सांगितलेली पांढरी साडी. गाडीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. हॉलमध्ये आईचा फोटो असेल, समोर मेणबत्ती असेल, तुम्ही दारात उभे असाल आणि लोक माझ्या चेहऱ्याकडे बघतील, हे मला सहन होणार नव्हतं. माळ्यावर कुणी बघत नाही. पांढऱ्या साडीतच वर चढले आणि दोन तास वाजवलं. काय वाजवलं ते मला आठवत नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, "तुझ्या आईपेक्षा तुला त्यांचा देव मोठा झाला." माझी भक्ती बघून तुम्हाला राग आला होता, आणि भक्ती तर नव्हतीच, भित्रेपणा होता. तुम्ही मला भाविक समजलात ते मला भित्री समजण्यापेक्षा सोपं वाटलं. सात वर्षं मी तुम्हाला ते समजू दिलं.

आणखी एक. आई मला ऐकायला यायची. वर्षातून तीनचारदा, सुटीच्या दिवशी, ट्रेनने. तुम्हाला साउथहॅम्प्टनला राजश्रीमावशीकडे जाते म्हणून सांगायची. मागे खांबापाशी बसायची आणि नंतर डब्यातून आणलेली सांबारवडी ग्लेनिसला खाऊ घालायची. तिने मला शपथ घातली होती, म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. तिच्यावर रागावू नका. तिला दोन्ही हवं होतं, तुम्ही आणि माझं वाजवणं.

हे पत्र परत पाठवलं नाहीत तरी चालेल.

तुमची
मृणाल

*

वेनफर्ड,
गुरुवार, ११ एप्रिल २०२४

ती. बाबांना सविनय जय भीम.

तुमचं पाकीट सोमवारी पोचलं. मी पानं तीनतीनदा उलटून बघितली. लाल पेन कुठेच नाही. एकही चूक काढलेली नाही. बाबा, सात तरी होत्या, मला माहीत आहे. 'पोटऱ्यांत'वर मी स्वतःच अडखळले होते. फक्त जिथे आईबद्दल लिहिलं होतं तिथे कागद थोडा सुरकुतलेला होता. मी काही विचारत नाही.

आता ऐका. मिळाली! जागा मला मिळाली!

आज दुपारी डीननी बोलावून हातात पत्र दिलं. पण काल काय झालं ते तुम्हाला पहिल्यापासून सांगायचंय, कारण कालचा दिवस निम्मा तुमचा होता.

सकाळी कॉयरची तालीम. चोवीस मुलंमुली आणि बारा मोठे गायक. माझं प्लास्टर बघून मुलं कुजबुजायला लागली. मायरा म्हणून दहा वर्षांची मुलगी आहे, तिने हात वर केला. "मिस, तुम्ही एका हाताने कंडक्ट केलं तर आम्ही निम्मंच गायचं का?" सगळे हसले, समितीसुद्धा. मी म्हटलं, "नाही. दुप्पट बघायचं." आणि त्यांनी खरंच बघितलं. एक कठीण जागा होती, तिथे मुलं नेहमी खाली घसरतात. मी थांबवलं, वाद्य बंद केलं, आणि म्हटलं की तुमच्या पायाखालची फरशी गाते आहे असं समजा. तिसऱ्या वेळी ती जागा अशी लागली की जेरल्डनी बाकावर हळूच थाप मारली. मला ती ऐकू आली.

मग ऑर्गन. समिती खाली मध्यभागी बसली होती, ऑर्गनकडे पाठ करून. वर कोण आहे ते दिसू नये म्हणून उमेदवारांना नावं नाहीत, नुसते नंबर. माझा दुसरा. ग्लेनिस शेजारी उभी राहिली. समोर पुठ्ठ्यावर तुमचं अक्षर होतं.

सुरुवात चांगली झाली नाही. पहिल्याच भजनात डावा पाय एका पट्टीने चुकला. घाणेरडा स्वर निघाला, चांगला घुमला. मला वाटलं, संपलं. पण भजन थांबवता येत नाही, पुढची ओळ येतेच. दुसऱ्या कडव्यापासून मी पट्ट्यांकडे बघणं सोडलं. शेवटच्या कडव्याला ग्लेनिसला मान हलवली आणि तिने मोठ्या पाइपांच्या चारही खुंट्या एकदम ओढल्या. त्या आवाजात माळ्याचा कठडा हलतो, बाबा. मग माझ्या पसंतीची रचना. अर्धीअधिक नुसत्या पायांवर आहे. बारा मिनिटांनी संपली तेव्हा आवाज विरायला सात सेकंद लागले. इथे तेवढेच लागतात. ग्लेनिसने माझ्या पाठीत बुक्की मारली.

मुलाखतीला गेले. बाहेरून आलेल्या त्या परीक्षक बाई सकाळच्या तालमीला नव्हत्या, थेट ऑर्गन ऐकायलाच आल्या होत्या; आता त्या कागद चाळत होत्या. माझं प्लास्टर बघून त्यांनी चष्मा काढला. "हात मोडलेली उमेदवार तुम्ही? मी तर तिसऱ्या नंबरचा हात मोडलाय असं धरून चालले होते. तिथे कुठेकुठे स्वर कमी पडत होते." मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही कितव्या?"

मी म्हटलं, "दुसरी."

त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि लिहिलं.

शेवटी डीननी तो प्रश्न विचारला जो कुणीतरी विचारणारच होतं. "तुम्ही बौद्ध आहात. या घराच्या संगीताची जबाबदारी घेताना तुम्हाला अवघड नाही का वाटणार?" मी तयारी केलेलं उत्तर विसरले. म्हटलं, "माझ्या वडिलांनी मला शिकवलं की कुठल्याही माणसाला दाराबाहेर ठेवायचं नाही. मी इथे वाजवते तेव्हा आत येणारा प्रत्येक जण, मानणारा आणि न मानणारा, तेवढाच आतला असतो. मला एवढंच काम येतं." "आम्हालाही तेच काम करायचंय," डीन म्हणाले. "नेहमी जमत नाही."

तुमचं नाव मी न विचारता वापरलं. माफ करा.

रविवारी चौदा एप्रिल. तुम्ही हॉलच्या तयारीत असाल, खुर्च्या मांडताना कंबर सांभाळा. पंधरा सप्टेंबरला माझा इथला पदग्रहणाचा कार्यक्रम आहे. कार्ड पाठवतेय. यायलाच हवं असं नाही. प्रार्थना आहे ती, मला ठाऊक आहे.

तुमची
मृणाल

*

वेनफर्ड,
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

बाबा,

संघर्ष परवापर्यंत सांगत होता, "ताई, बाबा येणार नाही बोललेत. त्यांना तू फोर्स नको करू." मी काहीच फोर्स केलं नव्हतं. पुढच्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची ठेवली होती, ती प्रार्थना सुरू झाल्यावर मीच ग्लेनिसला खुणेने काढून टाकायला सांगितली. तिने काढली नाही. का काढली नाही ते मला संध्याकाळी कळलं.

तुम्ही मला न भेटता गेलात. म्हणून काल तुमच्या बाजूने जे दिसलं नाही ते लिहून पाठवते.

डीन मला हात धरून पुढे घेऊन आले आणि लोकांकडे तोंड करून उभं केलं. आठशे माणसं होती. त्यांनी विचारलं, हिला तुम्ही स्वीकारता का, आणि सगळे उत्तर द्यायला उभे राहिले. मग प्रार्थना झाली, मग भजन, सगळे उभेच. फक्त अगदी मागे, उजव्या हाताला, निळा कोट घातलेला एक माणूस बसून होता. मला वाटलं, कुणी आजारी म्हातारे आहेत. तेवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता. मी मुलांकडे वळले आणि विसरून गेले.

मुलं सुंदर गायली. मायराचं एकटीचं दोन ओळींचं गाणं होतं. तिने ते एका दमात असं उचललं की पहिल्या रांगेतल्या एका सरदारजींनी डोळे पुसले.

शेवटच्या आशीर्वादाच्या वेळी मी मागच्या बाजूने एकसष्ट पायऱ्या चढून वर गेले. प्रार्थना संपल्यावर लोक बाहेर पडतात तेव्हा ऑर्गनवर एक मोठी रचना वाजते. ती माझी मीच वाजवायची ठरवली होती, दोन्ही हातांनी. सहा महिन्यांत पहिल्यांदा लोकांसमोर पूर्ण ताकदीने. आठ मिनिटांची आहे, श्वास घ्यायला जागा नाही अशी.

लोक उठून गप्पा मारत दाराकडे निघाले, नेहमीसारखे. कुणी फोटो काढत होते, कुणी कोट चढवत होते. मी सुरुवात केली. दुसऱ्या पानावर सहज स्क्रीनकडे नजर गेली. त्यावर आता खालची सबंध जागा दिसते. गर्दी दारांकडे सरकत होती, आणि मागच्या रांगेतला तो निळा कोट उभा राहत होता. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, आधी एक पाय, मग थांबून दुसरा. तो उठण्याचा प्रकार मी ओळखला. बसच्या केबिनमधून तुम्ही तसेच उतरायचात.

बाबा, माझे हात थांबले नाहीत. कसे थांबले नाहीत ते मला माहीत नाही. पानं दिसत नव्हती. शेवटची तीन मिनिटं मी पाठ वाजवली, आणि शप्पथ सांगते, तेवढं चांगलं मी आयुष्यात कधी वाजवलेलं नाही. शेवटचा स्वर धरला तेव्हा खाली पाचपन्नास माणसं उरली होती. सगळी चालत होती. उभे एकटे तुम्ही होतात, माळ्याकडे तोंड करून.

मी धावत उतरले. पडले नाही. पण तुम्ही गेला होतात.

ग्लेनिसने सांगितलं. तुम्ही दारात तिला विचारलंत, "प्रार्थना कधी संपते?" ती म्हणाली, "आशीर्वादानंतर, साहेब. त्यानंतरचं नुसतं संगीत. ते कुणासाठी नसतं, ते मृणालचं." तुम्ही म्हणालात, "मग मी त्याच्यासाठी आलोय. मला मागे बसवा." तिने तुम्हाला पुढच्या खुर्चीबद्दल सांगितलं, तर तुम्ही नको म्हणालात, आणि माझ्यापाशी काही बोलू नये असंही बजावलंत. तिने नाव न विचारताच तुम्हाला ओळखलं होतं. आईने तिला फोटो दाखवला होता म्हणे.

जाताना तिने विचारलं, "मुलीला भेटणार नाही?" तुम्ही म्हणालात, "आज तिचा दिवस आहे. मी मध्ये आलो तर ती रडेल, आणि लोक तिचा चेहरा बघतील."

आठ मिनिटं, बाबा. तुमच्या गुडघ्याला दोन मिनिटं उभं राहणं झेपत नाही, डॉक्टरांनी काठी दिलीय आणि तुम्ही ती वापरत नाही, हे संघर्षने मला सांगितलंय. आठशे माणसं देवासाठी उठली तेव्हा तुम्ही बसून राहिलात. आणि ती सगळी निघून चालली तेव्हा तुम्ही उठलात.

आज गुडघा सुजला असणार. मीठ घालून गरम पाण्याचा शेक घ्या, आणि दोन दिवस जिना चढू नका. शनिवारी सकाळच्या ट्रेनने मी बर्मिंगहॅमला येतेय. दोन दिवस राहणार आहे. निवृत्त असले तरी रविवारी जेरल्ड वाजवतील, मी विचारलंय.

तुमची
मृणाल